परातीच्या काठावर

"हे एवढंच?" बुवांनी हातातली काठी बर्फात खुपसून बघितली. "अहो, गुडघासुद्धा बुडत नाही धड. आमच्या ओढ्याला याहून जास्त पाणी असतं, आणि पोरं त्यातून शाळेत जातात."

मी खड्डा खणत होतो. मान वर न करता म्हणालो, "बुवा, काठी जरा पलीकडे खुपसा. मी खणतोय तिथला थर मोडू नका."

"मोडला तर काय होतं?"

"मला खोटं वाचायला मिळतं."

"बरं बाबा," म्हणत ते मागे सरकले. धोतराखाली चौकीदाराचे गमबूट, अंगात एकावर एक दोन स्वेटर, डोक्याला मफलर आणि मफलरवर पुन्हा पांढरी टोपी. अंगरूप एका दगडावर बसून बिडी ओढत होता. तो तिथलाच, लाहौलचा. वाटा दाखवायला कंपनीने ठेवलेला. मराठी त्याला आमच्या कामगारांनी शिकवली होती, त्यामुळे निम्मी मराठी त्याला बुवांसमोर वापरता येत नव्हती.

"बाबाजी," तो उरलेल्या निम्म्या मराठीत म्हणाला, "बर्फ थोडा आहे तर जास्त बदमाश आहे. जास्त असला की निदान दिसतो."

लाहौल म्हणजे रोहतांगच्या पलीकडचा मुलूख. डोंगराखालून मोटारी जाणारा बोगदा तेव्हा झालेला नव्हता. खिंड बर्फाने मिटली की आतला माणूस आत आणि बाहेरचा बाहेर, ते थेट वैशाखापर्यंत. तिथं एका आडबाजूच्या नाल्यावर लहानसा वीजप्रकल्प चालला होता आणि मी त्या कंपनीत बर्फावर लक्ष ठेवायला होतो. रस्ता संपतो तिथं विश्रामगृह. तिथून कॅम्पपर्यंत पायवाट. त्या वाटेवर वाईट जागा एकच. डोंगराच्या उत्तरेच्या अंगाला एक मोठा खोलगट उतार होता, कडेने चढलेला, मध्ये बसका. कॅम्पवर आपल्याकडची बरीच पोरं होती, त्यांनी त्याचं नाव ठेवलं होतं परात. वाट या परातीच्या मधोमध आडवी जायची. आज ओलांडायची की नाही, हे सांगणं माझं काम.

त्या दिवशी परातीच्या पलीकडे बुवांचा मुलगा होता.

दामोदरबुवा कुरोलीकरांना मी आधी ऐकलेलं होतं. कराडला सप्ताहात, मांडवाच्या बाहेर चिखलात उभं राहून. मला कीर्तनाचं वेड लहानपणापासूनचं. टाळ घेऊन मागे उभं राहायचं आणि बुवांच्या पाठीकडे बघत राहायचं, यापलीकडे मला देवाकडे काही मागावंसं वाटलेलं नाही. लाहौलला गेल्यापासून तेवढं एक सुटलं होतं. कॅसेट नेल्या होत्या, पण थंडीत टेप ओढायचा आणि मोठमोठ्या महाराजांचा आवाज रेड्यासारखा निघायचा. आणि आदल्या संध्याकाळी शेवटच्या जीपमधून साक्षात कुरोलीकर बुवा उतरले होते, हातात पिशवी, पिशवीत टाळ. मी पायावर डोकं ठेवलं तर म्हणाले, "उठा महाराज, आधी चहा कुठं मिळतो ते सांगा. माझी बत्तीशी स्वतःच टाळ वाजवायला लागलीय."

जीपवाल्याने उतरता उतरता बजावलं होतं की तो सकाळी परत निघणार नाही, दुपारचं ऊन ओसरेपर्यंत थांबेल, फार तर एक रात्र आणखी. वर ढग यायच्या बेतात होते. त्यानंतर खिंड बंद.

चहा पिताना बुवांनी सगळं सरळ सांगितलं. त्यांच्यात आडपडदा नव्हता. मुलगा प्रल्हाद घर सोडून गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. या कॅम्पवर तो फिटर आहे, हे गावातल्याच एका पोराकडून कळलं. हिवाळ्यात मागे राहणाऱ्या माणसांत त्याने स्वतः होऊन नाव घातलंय, हेही.

"चारचौघांत बोललो त्याला," बुवा म्हणाले. "बोललो ते खोटं नव्हतं. पण चारचौघांत होतं."

"मग आता काय बोलणार?"

"काही नाही. समोर जाऊन उभं राहायचं. माझं वय झालंय, छातीत कळ येते अधूनमधून. पुढल्या वैशाखाचा भरवसा मी धरत नाही." आणि मग हसले. "नाव मीच ठेवलं प्रल्हाद. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, की मग बाप कोण ठरतो."

वायरलेसवरून कॅम्पला निरोप दिला होता : वडील आलेत, उद्या येतील. उत्तर एका शब्दाचं आलं. कळलं.

संध्याकाळी भजनाला आम्ही दोघंच. त्यांनी एक टाळजोडी माझ्या हातात दिली. चौकीदार आणि जीपवाला शेगडीपाशी बसून ऐकत होते. दोन हिवाळ्यांनंतर माझे हात टाळावर पडले. त्याविषयी जास्त लिहीत नाही.

तर खड्डा. परातीच्या आत शिरून खणणं म्हणजे सापाच्या तोंडात हात घालून दात मोजणं. म्हणून काठाबाहेरचा, तेवढ्याच चढणीचा आणि उत्तरेकडेच तोंड असलेला एक लहानसा तुकडा निवडला होता. तो सुटला असता तरी चार हातांवर जाऊन थांबला असता. मी खड्ड्याची भिंत फावड्याने साफ कापली आणि बुवांना जवळ बोलावलं.

"हे बघा. दिवाळीच्या आधी एकदा बर्फ पडला होता. उन्हाकडच्या अंगाचा वितळून गेला. इथं ऊन येत नाही, म्हणून इथं राहिला. मग महिनाभर कोरडी थंडी. तेवढ्या थंडीत त्याची साखर झाली. हात घाला."

बुवांनी हातमोजा काढला आणि भिंतीच्या तळाशी बोटं घातली. बर्फ दाणेदार, भुरभुर हातात आला. वळायला गेले तर वळेना.

"पिठीसाखर नाही, जाडी साखर," ते म्हणाले. "लाडू वळायचा नाही याचा."

"वळतच नाही, तेच दुखणं. आणि वर हा चार दिवसांपूर्वीचा. वाऱ्याने दाबून बसलेला. फरशीसारखा. आता डब्यात साखर भरून त्यावर फरशी ठेवली आणि डबा कलता केला..."

"फरशी घसरणार."

"घसरेलच असं नाही. साखर किती कच्ची आहे त्यावर. कधी महिनोन् महिने थांबते. कधी एका माणसाच्या वजनाने जाते. ते बघायलाच हा खटाटोप."

"म्हणजे वरून शांत, आणि तळाचं धरून ठेवत नाही," बुवा म्हणाले. लगेच हात झटकून, "राहू दे. यावर दृष्टान्त करायला घेतला तर माझं निरूपणच संपायचं नाही."

अंगरूप उठून उभा राहिला होता. डोळ्यांवर हात धरून तो परातीच्या पलीकडे बघत होता. "बाबाजी, कोणी आलाय."

पलीकडच्या काठावर, जिथं वाटेची खूण म्हणून दगडांचा ढीग रचला होता, तिथं एक माणूस उभा होता. इतक्या लांबून ठिपक्याहून थोडा मोठा. बुवांनी डोळे बारीक केले. त्यांना नुसतं पांढरं दिसत होतं.

"उभा कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"कसा म्हणजे?" अंगरूप म्हणाला. "माणसासारखा."

"अरे, खांदे बघ. दोन्ही सारखे आहेत का?"

अंगरूपची नजर घारीसारखी होती. "नाही. एक उतरलाय. आपल्याकडून बघितलं तर हा." त्याने स्वतःचा खांदा खाली टाकून दाखवला.

लहानपणापासून गळ्यात मृदंग अडकवणाऱ्याचा खांदा पुढे तसाच राहतो, हे मलाही माहीत होतं.

"लवकर करा, महाराज," बुवा म्हणाले, आणि माझ्या मागे उभे राहिले.

परीक्षा साधी असते. खड्ड्याच्या भिंतीतून बर्फाचा एक चौकोनी खांब तिन्ही बाजूंनी सुटा कापायचा. वर फावड्याचं पातं आडवं ठेवायचं. त्यावर तळहाताने थापा मारायच्या. आधी नुसत्या मनगटातून, मग कोपरातून, मग खांद्यातून, प्रत्येक वेळी ठरलेल्या तितक्याच. खांब मनगटाच्या थापांनी मोडला तर सरळ घरी जायचं. खांद्याच्या थापांपर्यंत टिकला तर जपून जाता येतं.

मी थापा मारायला लागलो. मागे बुवा एक पद गुणगुणत होते, आदल्या संध्याकाळचंच. मनातली धडधड झाकायला माणूस गुणगुणतो तसं. आवाज अगदी हलका, पण त्या शांततेत कानाशी आल्यासारखा. मनगट झालं. खांब उभा. कोपर झालं. वरून थोडी भुकटी पडली, खांब उभा. खांद्यातून मारायला घेतलं आणि बऱ्याच थापांनंतर तो तळाशी मोडला, तोही वेडावाकडा, ढेकळासारखा.

"काय निघालं?" बुवांनी विचारलं.

"जाता येईल," मी म्हणालो. "एका वेळी एक. मधे थांबायचं नाही. पुढे अंगरूप, तो पोचला की तुम्ही, शेवटी मी."

अंगरूपने बिडी विझवली आणि दोर काढला. बुवांनी मफलर सोडून परत घट्ट बांधला, टोपी नीट केली, पिशवी खांद्याला लावली. चेहरा असा झाला होता की मी तिकडे बघायचं टाळलं. अंगरूप वाटेपर्यंत गेलासुद्धा.

बुवा जागचे हलले नाहीत. त्यांची नजर खड्ड्यावर होती.

"खराडे महाराज, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा की."

"त्या थापा सगळ्या सारख्या वजनाच्या पाहिजेत का?"

"हो. म्हणजे त्या त्या टप्प्यात सारख्या."

"मग नव्हत्या."

मी हातातलं फावडं खाली टेकवलं.

"तुम्ही भजनी ठेका धरला होता," ते म्हणाले. आवाज खाली गेला होता, जणू त्यांनीच काही चोरलं होतं. "पहिल्या चार मात्रा भरून मारता. पुढच्या चार खालीच्या, तिथं हात नुसता टेकवता. तालात बरोबर आहे, खाली रिकामीच सोडायची असते. पण तुम्ही त्याही थापा म्हणून मोजल्यात. माझंच चुकलं. मी गुणगुणत होतो, त्यात तुमचा हात सापडला."

मला पटलं नाही आणि त्याच क्षणी पटलंही. हातानेच सांगितलं. तळहाताला अजून ती लय होती.

"पुन्हा करतो," मी म्हणालो.

अंगरूप वाटेवरून ओरडला नाही, तो तिथं कधी ओरडायचा नाही, परत चालत आला आणि हळूच विचारलं, "आता काय?"

"पुन्हा बघायचंय."

"मी मारू का? माझा हात जड आहे."

"मार," बुवा म्हणाले, "तुला ताल नाही, ते बरंय."

"मला ताल नाही?" अंगरूपला ते लागलं. "आमच्या गावात लग्न असलं की लोक मला बघायला येतात, बाबाजी."

"हसायला येत असतील."

"ते पण येतात," अंगरूपने कबूल केलं.

पण मारल्या मीच, कारण हात बदलला की माप बदलतं. शेजारी नवा खांब कापला. बुवा तोंड वळवून, ओठ मिटून उभे राहिले. या वेळी प्रत्येक थापेकडे मी लक्ष दिलं. मनगट पार पडलं. कोपराच्या पहिल्या काही थापांतच वरचा सगळा तुकडा तळाच्या साखरेवरून सुटला आणि कपाटाचा खण बाहेर यावा तसा माझ्या मांडीवर येऊन बसला. मोड सरळ, गुळगुळीत, सुरीने कापल्यासारखी. आवाजसुद्धा आला नाही.

आणखी एक खांब कापला. तोही तसाच.

बुवा वळले. मांडीवरचा तुकडा त्यांनी बघितला.

"काय?"

"नाही जाता येणार."

"आणि पहिल्या वेळचं धरलं तर?"

"तर येईल."

त्यांनी पलीकडे बघितलं. दिसत काही नव्हतंच. बराच वेळ त्यांनी मान तिकडेच ठेवली. मग पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली.

"ते धरता यायचं नाही," ते म्हणाले.

अंगरूपने दोन्ही हात डोक्यावर उंच करून फुलीसारखे आडवे धरले. कॅम्पवर सगळ्यांना कळणारी ती खूण : वाट बंद. पलीकडचा माणूस तसाच उभा राहिला. मग तो पुढे सरला. एक पाऊल, दुसरं. काळा ठिपका पांढऱ्यात आला.

"निघाला," अंगरूप म्हणाला. "तो निघाला, खराडेजी."

"कोण निघाला?" बुवा म्हणाले.

मी दोन्ही हात हलवले. तो थांबत नव्हता. वाटेवरच्या माणसाला खालचं कळत नाही. त्याला वर निळं आकाश आणि समोर बाप दिसतो.

"प्रल्हाद!" बुवांनी हाक मारली. "जागेवर!"

माईकशिवाय हजारभर माणसांना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाणारा तो आवाज होता. परातीच्या या काठावरून त्या काठावर गेला आणि कड्यावर आपटून परत आला. अंगरूपने चटकन वर बघितलं. बर्फाखालच्या वाटेवर मोठ्याने बोलायचं नाही हा त्याच्याकडचा दंडक. आवाजाने बर्फ सुटत नाही, वजनाने सुटतो, हे मला पुस्तकांतून माहीत होतं. पण वर मीही बघितलं. काही हललं नाही.

ठिपका थांबला होता.

तो बराच वेळ थांबला. मग आपल्याच पावलांतून, तोंड आमच्याकडेच ठेवून, मागे मागे गेला. दगडांच्या ढिगापाशी पोचल्यावर खाली बसला.

"गेला मागे?" बुवांनी विचारलं.

"गेला. बसलाय."

बुवाही बसले, तिथंच, बर्फावर. मी अंगाखाली घ्यायला पोतं दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

अंगरूप वाकून त्यांच्या कानाशी म्हणाला, "बाबाजी, बोला ना काहीतरी. एवढी हाक गेली तर बोलणं पण जाईल."

"काय बोलू ओरडून?" बुवा म्हणाले. "ओरडलो म्हणूनच तर गेला तो."

अंगरूपने चहा केला, तो प्यालो. उन्हाची कड समोरच्या शिखरावरून सरकत गेली. थंडी वाढली तशी बुवांची बोटं निळसर पडायला लागली आणि मी म्हणालो, आता निघायला हवं. ते उठले. पलीकडे तोही उठला.

"काय करतोय?" बुवांनी विचारलं.

तो वाकला होता. एवढ्या लांबून त्याहून जास्त दिसत नव्हतं. बुटाची नाडी बांधायलाही माणूस वाकतो.

"नमस्कार करतोय," मी म्हणालो.

बुवांनी दोन्ही हात उचलले आणि त्या पांढऱ्या उताराकडे तोंड करून धरले, कीर्तन संपताना धरत तसे.

दुसऱ्या दिवशी जीपमध्ये बसताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "एक करा. ते थापांचं त्याला सांगू नका. हात सारखा पडत नव्हता हे मी धरलं, ते."

"का? उलट सांगायला हवं."

"नको. म्हणेल, येतो म्हणून आला आणि काठावर येऊन खोडी काढली. त्याला वाटू दे तुम्हीच अडवलं. तुम्हाला तो काय, दोन शिव्या देईल."

जीप गेली. संध्याकाळी ढग उतरले आणि खिंड बंद झाली.

फाल्गुनात कंपनीच्या कचेरीतून वायरलेसवर बातमी आली. बुवा झोपेतच गेले होते. कॅम्पला ती मीच कळवली. पलीकडून पुन्हा तोच एक शब्द आला. वाट उघडल्यावर माणसं खाली उतरली तेव्हा प्रल्हाद विश्रामगृहासमोरून माझ्या अंगाला घासून गेला. त्याने वर बघितलं नाही. त्याच वर्षी त्याने काम सोडलं.

मी पुढे अनेक हिवाळे तिथं काढले, मग गावी परतलो. आता माझ्या घरापासून चालत जाण्यासारख्या चार देवळांत कीर्तन असतं आणि गुडघ्यांची कुरकुर सोडली तर मला काही कमी नाही. गेल्या माघात आमच्या शेजारच्या गावी सप्ताह बसला होता. मी लवकर जाऊन पुढची जागा धरली होती. मांडवात एक माणूस स्पीकरच्या वायरी ओढत होता. केस पिकलेले, एक खांदा उतरलेला. त्याने मला ओळखलं आधी.

"परात," तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला. राम राम नाही, काही नाही.

"प्रल्हाद."

"कधी सुटली नाही ती," तो म्हणाला. "अख्खा हिवाळा मी रोज सकाळी काठावर जाऊन बघत होतो. तुम्ही म्हणालात जाता येणार नाही. ती आलीच नाही. पुढे मोठा बर्फ पडला, तरी नाही."

"कधी कधी तसं होतं. वरून वजन पडत गेलं की तळाचं बसतं हळूहळू."

"म्हणजे त्या दिवशी अण्णा निघाले असते, तर पोचले असते माझ्यापर्यंत?"

"माहीत नाही."

"माहीत नाही!" तो हसला, पण तोंडानेच. "तुम्हाला किती शिव्या दिल्यात मी, त्याचा हिशेब नाही. आईसमोर दिल्यात. एवढा मोठा माणूस एवढ्या लांब आला आणि एका खड्डे खणणाऱ्याने त्याला परत पाठवला."

मी त्याला खुर्ची ओढून दिली. तो बसला नाही. मग मी सांगितलं. बुवांनी नको म्हटलं होतं, पण ते ज्याच्या रागाला भीत होते तो राग आता माझ्यावर येऊन जुना झाला होता. पहिला खांब टिकला, मी जायला सांगितलं, अंगरूप वाटेला लागला, बुवांनी पिशवी खांद्याला लावली; आणि मग ते काय म्हणाले, तेही सगळं, त्यांच्याच शब्दांत. भजनी ठेका. खालीच्या मात्रा.

प्रल्हादच्या हातातली वायर तशीच राहिली.

"हे त्यांनी सांगितलं? तुम्ही हो म्हटल्यावर?"

"मी हो म्हटल्यावर."

"मी समोर दिसत असताना?"

"त्यांना दिसत नव्हतास. आम्ही सांगत होतो."

तो खाली बसला, खुर्चीवर नाही, सतरंजीवर. बायका पुढे येऊन बसायला लागल्या होत्या. कुणीतरी माईकमध्ये फुंकर मारली. तो तिकडे न बघता म्हणाला, "मी घर का सोडलं, सांगितलं होतं त्यांनी?"

"चारचौघांत बोललो, एवढंच."

"गावचा सप्ताह. काल्याचं कीर्तन. सगळं गाव, सासरवाडीची माणसं, सगळे. ऐन रंगात आलं होतं आणि त्यांनी हात वर केला. कीर्तन थांबवलं. काल्याचं कीर्तन कुणी थांबवतं? आणि माझ्याकडे वळून माईकमधून म्हणाले, प्रल्हाद, खाली भरून वाजवतोयस. रिकामी सोडायला शीक. आणि माझ्या गळ्यातला मृदंग उतरवून दुसऱ्याला दिला. मी त्या रात्रीच निघालो. मला वाटायचं, त्यांना मी नको होतो. माझ्यावर डूख होता म्हणून मुद्दाम केलं, चारचौघांत. नाहीतर एवढंसं कुणाला ऐकू येतं? गावाला कुणाला कळलंसुद्धा नव्हतं."

टाळकरी उभे राहायला लागले होते. आमच्या गावच्या मृदंगवाल्याने थाप मारून शाई बघितली.

"तिथंही त्यांना राहवलं नाही," प्रल्हाद म्हणाला. "मला भेटायला निघालेला माणूस. वाट मोकळी सांगितलेली. तरी."

"तरी," मी म्हणालो.

त्याने डोळे पुसले नाहीत. वायर गुंडाळून शेजारी ठेवली आणि माझ्या बाजूला मांडी घालून नीट बसला, जसं कीर्तनाला बसतात तसं. त्या दिवशीचे कीर्तनकार उभे राहिले, मांडव उठून पुन्हा बसला. पहिला गजर सुरू व्हायच्या आधी तो माझ्या कानाशी झुकला.

"खाली चुकलीच होती माझी," तो म्हणाला. "तेव्हाच कळलं होतं मला."